शाळेचा गट निघाला आणि एक मुलगी आतच राहिली. नियम नेमके कुठून सुरू करू?

दुर्बीण

नमस्कार. मी एका छोट्या विज्ञान केंद्रात काम करते. चार दालनं, कार्यशाळेची एक खोली आणि साठ खुर्च्यांचं तारांगण, एवढाच पसारा. शाळांच्या सहली येतात, सुट्टीत शिबिरं होतात, आणि महिन्यातून दोन-तीनदा प्रौढांचे गट येतात. त्यात बौद्धिक अक्षमता असलेले, स्मृतिभ्रंश झालेले लोकही असतात. मूळची मी भौतिकशास्त्राची शिक्षिका. चार महिन्यांपूर्वी पाहुण्यांची सगळी व्यवस्था माझ्याकडे आली आणि तिच्याबरोबर 'सुरक्षा धोरण' असं लिहिलेली एक फाइल. आत अकरा पानं. त्यातली सहा आग लागली तर काय करायचं यावर. मुलांबद्दल एकच वाक्य: 'लहान मुलांची योग्य ती काळजी घ्यावी.' मोठ्यांबद्दल तेही नाही.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. तारांगणाचा खेळ संपला, दिवे लागले, शाळेचा गट बाहेर पडला. बसपाशी मोजणी झाली तेव्हा एक मुलगी कमी. इकडे आमच्या एका स्वयंसेवकाला ती शेवटच्या रांगेमागे जमिनीवर बसलेली सापडली. नऊ वर्षांची असेल. अंधाराला घाबरली की घुमटावरचं आकाश फिरताना तिला गरगरलं, कोण जाणे. हे गृहस्थ निवृत्त, अतिशय सज्जन, आमच्या दोन दुर्बिणींचे आरसे त्यांनी स्वतः घासलेत. त्यांनी तिचा हात धरला आणि जवळचा रस्ता म्हणून प्रोजेक्टरच्या खोलीतून, मागच्या बोळाने तिला स्वागतकक्षात आणलं. तोवर आमच्या स्वागतिकेने ध्वनिक्षेपकावरून मुलीचं पूर्ण नाव, शाळा, कपड्यांचा रंग, सगळं जाहीर करून टाकलं होतं.

मुलगी सुखरूप. पण तिच्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "त्या बोळात ती कोणाबरोबर होती? तिथे कोणाला दिसत होतं का?" मी म्हणाले, "अहो, ते फार चांगले आहेत." बाई म्हणाल्या, "मी त्यांच्याबद्दल विचारलंच नाही." तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय.

दुसरी गोष्ट मला दोन दिवस उशिरा कळली. ज्येष्ठांच्या गटातल्या एका आजोबांबरोबर आलेला माणूस त्यांच्या वतीने सगळी उत्तरं देत होता. आमच्या दुकानात त्याने आजोबांच्या खिशातलं पाकीट काढून स्वतःसाठी वस्तू घेतल्या. निघताना आजोबा आमच्या गाइडला म्हणाले, "घरी नको." गाइड हसून म्हणाला, "मग इथेच राहा की काका." विषय संपला. लिहून कोणीच ठेवलं नाही.

कुठून सुरुवात करू? कुठले नियम खरोखर कामाचे आणि कुठले नुसते भिंतीवर लावायचे? आणि फुकट येऊन राबणाऱ्या लोकांना हे सांगायचं कसं?

जुना_वाटाड्या

आधी त्या स्वयंसेवकाशी बोला, आणि आजच बोला. अशी गोष्ट उडत उडत कानावर गेली की माणूस कायमचा दुखावतो. एका संग्रहालयाच्या शिक्षण विभागात मी बावीस वर्षं काढली. माझ्या मुखदुर्बळपणामुळे असे दोन चांगले लोक गेले.

बाईंनी मुद्द्यावर बोट ठेवलंय. मुलांना त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा अनोळखी नसतो. ओळखीचा असतो, आणि लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं यासाठी तो वेळ देतो, कष्ट घेतो. त्यामुळे 'ते चांगले आहेत' या वाक्याला धोरणात जागाच ठेवू नका. नियम असा लिहा की कोणीही मोठं माणूस मुलाबरोबर बंद किंवा नजरेआड जागी एकटं राहणार नाही. संचालकही नाही आणि तुम्हीही नाही. सगळ्यांना सारखा असला की तो कोणाला टोचत नाही.

मग त्या गृहस्थांनी काय करायचं होतं? तिथेच थांबायचं. मुलीपासून हातभर अंतरावर, तिच्या उंचीला येईल असं खाली बसायचं, नाव सांगायचं, वॉकीटॉकीवरून दुसऱ्या कोणाला तरी बोलवायचं. मग दोघांनी मिळून तिला पुढच्या, लोकांच्या रस्त्याने न्यायचं.

अंधाराच्या दालनाचं तंत्र वेगळं असतं. दाराशी एक माणूस आत जाताना मोजतो, बाहेर येताना मोजतो, आणि आकडे जुळल्याशिवाय पुढचा गट आत सोडत नाही. आमच्याकडे मुठीत धरायचं, टक् टक् वाजणारं मोजणीचं यंत्र होतं. ते येण्याआधी मी बोटांवर मोजायचो आणि चाळिसाच्या पुढे हमखास चुकायचो. दिवे लागले की दुसऱ्या माणसाने शेवटच्या रांगेपासून पुढे यायचं, खुर्च्यांच्या खाली बघत. मुलं घाबरली की उभी राहत नाहीत, खाली बसतात. शिवाय सोबतचे शिक्षक गटाबरोबर असलेच पाहिजेत. शिक्षक फोनवर बोलायला बाहेर गेले तर मी कार्यशाळा थांबवत असे. चिडायचे, पण पुढच्या वर्षी परत तेच यायचे.

आजोबांची गोष्ट मला मुलीच्या गोष्टीपेक्षा गंभीर वाटते. तुमच्या गाइडला आज नोंद लिहायला सांगितली तर तो बहुधा लिहील, 'आजोबा घाबरलेले होते, सोबतचा माणूस त्यांना लुबाडत असावा.' हा निष्कर्ष झाला. नोंद अशी हवी: 'दुकान, दुपारी ३.१०. सोबतच्या व्यक्तीने आजोबांच्या शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं, दोन वस्तूंचे पैसे दिले, दोन्ही स्वतःच्या पिशवीत टाकल्या. आजोबा भिंतीकडे बघत होते. दार, ३.४०. आजोबा मला म्हणाले, "घरी नको." मी म्हणालो, "मग इथेच राहा की काका."' खाली सही, तारीख, लिहिल्याची वेळ. आपण दिलेलं चुकीचं उत्तरही लिहायचं. लोकांना तेच सगळ्यात जड जातं.

मूल स्वतःहून काही सांगायला लागलं तर 'कोणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येत नाही. 'त्याने मारलं का?' असं विचारलं तर उत्तर आपणच त्याच्या तोंडात घातल्यासारखं होतं. 'काय झालं ते सांगतोस?' एवढं पुरे. त्याचेच शब्द लिहायचे, सुधारायचे नाहीत, आणि तीन जणांसमोर तीनदा बोलायला लावायचं नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याला बोलावून जाब विचारायचा नाही, आणि चौकशी तर मुळीच नाही. ती करणारे वेगळे. आपण त्याच दिवशी ठरलेल्या व्यक्तीला कळवायचं. प्रत्येक पाळीला अशी एक व्यक्ती हवी, तिच्या गैरहजेरीत दुसरी, आणि तक्रार तिच्याचबद्दल असेल तर कोणाकडे जायचं हेही आधीच लिहिलेलं हवं. जिवाला धोका दिसला तर कोणाची वाट न बघता थेट पोलीस.

धोरणाला पाया हवा असेल तर संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार घ्या. कलम १९ हिंसा, छळ आणि दुर्लक्ष यांपासून संरक्षणाचं. कलम १२ मुलांचं म्हणणं ऐकून घेण्याचं, आणि ते सगळे विसरतात. आम्ही एकदा इमारतीचा नकाशा मुलांपुढे ठेवला आणि म्हटलं, जिथे नकोसं वाटतं तिथे लाल टिकली लावा. आमची खात्री होती की सगळ्या टिकल्या सांगाड्यांच्या दालनावर पडणार. तिथे दोनच पडल्या. बाकी सगळ्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वळणावर. दुरुस्तीचं काम करणारी माणसं सुट्टीच्या वेळात तिथे बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींवर काहीबाही बोलायची. बावीसपैकी सतरा वर्षं मी त्या वळणावरून रोज जात होतो.

स्पष्टच_बोलतो

मीही एका निसर्ग केंद्रात स्वयंसेवक आहे, म्हणून लिहितो. रडणाऱ्या पोराचा हात धरायला दोन साक्षीदार लागत असतील तर उद्यापासून आम्ही बघून न बघितल्यासारखं करू. तेच सुरक्षित, नाही का? आणि ध्वनिक्षेपकावरून सांगितलं तर बिघडलं काय? अमेरिकेत १९९४ पासून मोठ्या दुकानांत 'कोड अ‍ॅडम' म्हणून पद्धत आहे, त्यात मुलाचं वर्णन सरळ जाहीर करतात.

जुना_वाटाड्या

करतात, पण सांकेतिक शब्दाबरोबर. तो ऐकताच कर्मचारी हातातलं काम टाकून दारं सांभाळायला धावतात, आणि मूल दहा मिनिटांत सापडलं नाही तर पोलिसांना फोन जातो. तुमच्याकडे दाराशी कोणीच नसेल तर त्याच घोषणेने भलत्या माणसाला आयतं नाव मिळतं. "अगं, तुझ्या बाईंनी पाठवलंय मला," असं नावाने हाक मारून म्हणणाऱ्याबरोबर नऊ वर्षांची मुलगी जाते. म्हणून आधी दारं, मग वॉकीटॉकीवर वर्णन. आणि मूल न्यायला आलेल्याच्या ताब्यात देताना त्याच्याकडूनच मुलाचं नाव आणि वर्णन वदवून घ्यायचं, आपण सांगायचं नाही.

हाताचं म्हणाल तर मुलाने हात पुढे केला तर धरावा, चारचौघांत, खुशाल. पडलं-लागलं तर उचलावंच. नियम जागेबद्दल आहे, मायेबद्दल नाही.

धाकटी_बहीण

माझा भाऊ चौतीस वर्षांचा आहे, त्याला डाउन सिंड्रोम आहे. आम्ही अशा केंद्रांत खूप जातो, कारण त्याला तिकिटं जमवायची हौस. त्यामुळे आजोबांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

भाऊ खिडकीवर स्वतः उभा राहतो, स्वतःचे पैसे देतो, तिकीट मागतो. बहुतेक ठिकाणी तिकीट त्याला देतात आणि सुटे पैसे माझ्या हातात. मी बहीण आहे म्हणून ठीक. पण सोबत कोणी वाईट माणूस असेल तर त्याला तेवढ्यावरून कळतं, की इथे याच्या पैशांकडे कोणी बघत नाही. तुमच्या दुकानातल्या माणसाला एवढंच शिकवा: ज्याने पैसे दिले, सुटे त्याच्याच हातात.

मग दालनात सुरू होतं, "काय रे बाळा, मज्जा आली का?" आणि मला विचारतात, "याला पाणी हवंय का?" ज्याच्याशी कोणी थेट बोलतच नाही, तो तक्रार करणार कोणाकडे? अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २००६ चा जागतिक करार आहे. त्याचं कलम १६ शोषण आणि छळापासून संरक्षणाचं, पण त्याच करारात कलम १२ ही आहे, आपले निर्णय आपण घेण्याचं. मुलांचे नियम मोठ्यांना तसेच चिकटवू नका, हे त्यासाठी सांगतेय. मूल एकटं दाराकडे निघालं तर थांबवा. माझा भाऊ निघाला तर विचारा, "बाहेर जाताय का?" त्याला गर्दीतून मोकळ्या हवेत जायचं असतं, तो त्याचा हक्क आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या बाईंना कुठे जायचं ते सांगता आलं नाही तर हुज्जत न घालता त्यांच्याबरोबर चालायला लागा आणि चालता चालता मदत मागवा. फोटोसाठीही त्यालाच विचारा, मला नाही.

सूर्यफुलाची चित्रं असलेली हिरवी पट्टी काही जण गळ्यात घालतात, ती तुमच्या लोकांना ओळखता यायला हवी. २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली. अर्थ इतकाच, की या व्यक्तीला वरून न दिसणारी अडचण आहे, थोडा जास्त वेळ किंवा मदत लागू शकेल. काय अडचण आहे ते विचारायचं नाही.

आणि 'घरी नको' चे दहा अर्थ होऊ शकतात. त्यांना तारे आवडले असतील. मार पडत असेल. ते ठरवणं गाइडचं काम नाही, पण सोबतच्या माणसाला एखादा कागद भरायला बसवून आजोबांना एकट्याने "काही मदत हवी का?" एवढं विचारता आलं असतं.

दुर्बीण

सगळ्यांचे आभार. थोडक्यात सांगते काय झालं ते.

स्वयंसेवक काकांशी बोलले. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चला, वेळ लावून बघू." हातात घड्याळ घेऊन दोन्ही रस्ते चालले. मागच्या बोळाने एक मिनिट दहा सेकंद, पुढच्या रस्त्याने एक मिनिट पन्नास. "चाळीस सेकंदांसाठी," म्हणाले आणि घड्याळ खिशात टाकलं. दाराशी मोजणी करायचं काम त्यांनी आपणहून मागून घेतलंय. @स्पष्टच_बोलतो, तुमचा प्रश्न त्यांनीही विचारला, जवळजवळ तुमच्याच शब्दांत. उत्तर मी इथलंच दिलं.

आजोबांबद्दल आम्ही गट आणणाऱ्या संस्थेच्या प्रमुखांना आणि ज्येष्ठांच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी कार्यालयाला लेखी कळवलं. सोबतच्या माणसाशी मुद्दामच बोललो नाही. कार्यालयातल्या बाईंचा पहिला प्रश्न, "किती वाजता?" गाइडला आठवेना. ३.१० होते की ४.१०, यावर तो आणि दुकानातली मुलगी माझ्यासमोर वाद घालत बसले. आता दर दालनात एक नोंदवही आणि दोरीला बांधलेलं पेन आहे. लिहिलेलं पान त्याच दिवशी फाडून माझ्या कुलुपाच्या कपाटात जातं, वही कोणी चाळू नये म्हणून.

लाल टिकल्यांचा प्रयोग पुढच्या शिबिरात करणार आहे. थोडी भीती वाटतेय.

एक अडलंय. प्रोजेक्टरच्या खोलीच्या दाराला काच बसवायची म्हटलं तर तंत्रज्ञ म्हणतो, तिकडचा उजेड घुमटावर येईल, चालणार नाही. दार आतून बंद होतं आणि आतलं काही दिसत नाही. काय करावं?

जुना_वाटाड्या

काच बसवा आणि तिच्यावर काळा पडदा लावा, पण दाराच्या बाहेरच्या बाजूने. खेळ चालू असताना खाली, दिवे लागले की वर. दोरी बाहेर राहील, आतल्या माणसाच्या हाती नाही. आणि आतली कडी काढून टाका, आजच. त्याला सुतार लागत नाही, पेचकस पुरे.