वर्गात १२ टॅब, हॉटस्पॉट एकच: दीक्षाचे व्हिडिओ अडकतात

प्रश्न: सहावीचा वर्ग. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड सगळ्यांनी एकदम स्कॅन केला की दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवर नुसतं चक्र फिरतं. उपाय?

उत्तर १: सर, बऱ्याच फोनचं हॉटस्पॉट ८-१० जोडण्यांवरच थांबतं, वर एकच सिग्नल सगळ्यांत वाटला जातो. वर्गात नेट नकोच. आदल्या दिवशी प्रत्येक टॅबवर पाठ डाउनलोड करा, ऑफलाइन चालतो. आधी स्टोरेज मोकळं करा, नाहीतर डाउनलोड अर्ध्यात अडकतं.

उत्तर २: ॲप पिनिंग (टॅब एकाच ॲपवर अडकवून ठेवायची सोय) लावा, ‘अनपिन करताना पिन विचारा’ही चालू ठेवा. नाहीतर पोरं दोन मिनिटांत यूट्यूबवर!

उत्तर ३: सुट्टीत टॅब ५० टक्के चार्ज करून बंद ठेवा. शून्यावर महिनाभर पडले की बॅटरी खराब होऊ शकते, कधी चार्जच घेत नाही.