तालुक्याच्या कॉलेजातली नमुन्यांची खोली: दुरुस्त करायची की रिकामी करायची?

धागाकर्ती (प्राणिशास्त्र, गडचिरोली जिल्हा)

आमच्या विज्ञान इमारतीच्या दुरुस्तीला यंदा पैसे मंजूर झालेत. आराखडा असा: दोन्ही प्रयोगशाळांना टाइल्स, नवे ओटे, स्मार्ट बोर्ड. मागच्या कवेलूच्या (कौलारू) खोलीतले जुने नमुने निर्लेखित करून, म्हणजे नोंदीतून काढून टाकून, तिथे संगणक कक्ष. माझा याला विरोध आहे. विदर्भातल्या बऱ्याच जुन्या कॉलेजांत आज ना उद्या हीच फाईल टेबलावर येणार, म्हणून इथे मांडते.

त्या खोलीत ढिवर (मासेमार) मंडळींनी वेळोवेळी आणून दिलेले वैनगंगेतले मासे आहेत. साप, विंचू, शंख आहेत. पलीकडच्या कपाटांत वनस्पतिशास्त्राच्या हर्बेरियम शीट्स, म्हणजे कागदावर चिकटवलेल्या वाळक्या वनस्पती. त्यातले बरेच मासे गोसीखुर्दचं धरण होण्याआधीचे. एका बरणीत वाम आहे. बाहेरचं शाईचं लेबल कधीच पुसलं गेलं, पण आत बुडालेल्या चिठ्ठीवरची शिसपेन्सिल अजून स्वच्छ वाचता येते: घाटाचं नाव, १९७९, ‘पूर ओसरल्यावर, जाळ्यात’. तेव्हा नदीत काय होतं हे विचारायला आज दुसरं कोण उरलंय?

माझी मागणी एवढीच की पहिला पैसा छताला लागावा. पावसाळ्यात कवेलूंतून गळतं, भिंतीला ओल धरते, शीट्सना उधई लागते. मग एक्झॉस्ट, लोखंडी रॅक, नव्या झाकणांच्या बरण्या. यातून उरलं तर टाइल्स.

रसायनवाला (यवतमाळ)

मॅडम, तळमळ कळते, पण मी विरोधात आहे. तुमच्या बरण्यांत फॉर्मॅलिनच, म्हणजे फॉर्मल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण असणार. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच ठरवलंय. बंद खोलीत, मे महिन्यात, पंख्याशिवाय तुमचा परिचर तिथे झाडू मारतो. त्याच्या फुप्फुसांचा विचार आधी व्हायला हवा.

दुसरं, नमुना जपणं हे पूर्ण वेळेचं काम आहे. पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण आणि वनस्पती सर्वेक्षण दोघांचीही केंद्रं आहेत. तिथे शिकलेली माणसं आहेत, नोंदवह्या आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा डायनोसॉर घ्या. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने तो उकरला, तिथेच ठेवला, १९९७ मध्ये त्याचं वर्णन छापून आलं आणि आज जगात तो इसिसॉरस म्हणून ओळखला जातो. तो तालुक्याच्या गोदामात राहिला असता तर त्याची हाडं तरी उरली असती का? बरण्या पुण्याला द्या आणि पोरांना चालू नळ, चालू गॅस द्या.

मेळघाटकर

रसायनवाले सर, ‘द्या’ म्हणणं सोपं आहे. मोठ्या संस्था सरसकट काही घेत नाहीत. लेबल, ठिकाण, तारीख असेल तेच घेतात. आणि मोठं म्हणजे सुरक्षित, असंही नाही. दिल्लीचं राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालय एप्रिल २०१६ मध्ये जळालं. रिओचं राष्ट्रीय संग्रहालय सप्टेंबर २०१८ मध्ये. सगळं एकाच छताखाली नेलं की एका ठिणगीत सगळं जातं.

नमुन्याची किंमत आमच्या भागात रानपिंगळ्याने दाखवली. १८८४ नंतर हा पक्षी कोणाला खात्रीने दिसला नव्हता. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे मोजके पेंढा भरलेले नमुने. त्यातला एक १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याची नोंद होती, म्हणून लोक तिथे शोधत राहिले. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला तेव्हा उघड झालं की तो जुनाच, चोरलेला, नव्याने भरून खोटं लेबल लावलेला आहे. ती नोंद बाद झाली, शोध खऱ्या जागांकडे वळला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पक्षी सापडला. पुढे आमच्या मेळघाटातही. शंभरावर वर्षं जुनी ती कातडी कोणी ‘जागा अडते’ म्हणून टाकली असती तर आपण आजही चुकीच्या रानात हिंडत असतो.

निवृत्त परिचर (अमरावती जिल्हा)

म्या आयुष्यभर लॅबमंदी काम केलं, म्हून सांगतो. बरणी आपोआप टिकत नाई. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा पंचेचाळीसच्या वर जाते, झाकण सैल झालं का स्पिरिट उडते. आधी स्पिरिट उडते, पाणी मांगं राह्यते. पातळी बरोबर दिसते पण आतली ताकद गेलेली असते, अन् मंग माल सडते. हायड्रोमीटर (स्पिरिटची ताकद मोजाची नळी) टाकून पाह्यल्याशिवाय समजत नाई. शंख तं फॉर्मॅलिनमंदी ठेवूच नये, आम्लानं कवच विरघळते, बोटानं दाबलं का दबते. हे कोन पाहीन? माह्या जागेवर माणूसच भरला नाई. छत बांधा नाईतर स्लॅब टाका, माणूस नसन तं काई फायदा नाई.

रसायनवाला

काका, तुम्ही माझंच म्हणणं पक्कं केलंत. माणूस नाही, म्हणूनच हलवा म्हणतोय.

बीएस्सी अंतिम (चंद्रपूर)

मला विद्यार्थिनी म्हणून बोलायचंय. सगळे शिक्षक लोक बोलताय, आम्हाला काय पाहिजे ते कोणी विचारत नाही. विच्छेदन बंद झालं, ठीक झालं. पण आमच्या कॉलेजात संगणक इतके कमी आहेत की जैवमाहितीशास्त्राचं प्रॅक्टिकल आम्ही दुसऱ्याच्या खांद्यावरून बघतो. नमुन्यांच्या खोलीत पाच मिनिटं थांबलं की डोळे चुरचुरतात. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार असली की बरण्या पुसतात, एरवी कुलूप. खोली जर कुलपातच ठेवायची असेल तर ती आम्हाला संगणकासाठी द्या. मॅडमना माझा एकच प्रश्न आहे: त्या वामाची चिठ्ठी तुम्ही वर्गात कधी दाखवता का?

धागाकर्ती

बाळ, दाखवते. दर वर्षी मत्स्यशास्त्राच्या पहिल्या तासाला ती बरणी वर्गात येते आणि मुलं आपापल्या गावचे घाट सांगू लागतात. संगणक हवेतच, त्याबद्दल माझा वाद नाही. समोरची वर्गखोली दुपारनंतर रिकामी असते, कक्ष तिथे होऊ शकतो, आणि तसं मी लेखी दिलंय.

रसायनवाले सर, फॉर्मॅलिनबद्दल तुमचं अगदी खरं आहे. म्हणूनच मला दुरुस्ती हवीय. नमुने पाण्यात धुऊन टप्प्याटप्प्याने ७० टक्के अल्कोहोलमध्ये न्यायचे. आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी, स्पिरिटला परवाना लागतो, म्हणून आधीच्या लोकांनी सगळं फॉर्मॅलिनवरच भागवलं. परवाना काढू. पण हे अल्कोहोल सुमारे १७ अंशांनाच पेट घेण्याजोगी वाफ सोडतं, आणि आपल्याकडे १७ अंश फक्त थंडीतल्या पहाटेला असतात. त्यामुळे जुनी उघडी वायरिंग, कवेलू आणि लाकडी कपाटं तशीच ठेवून हे करता येणार नाही. तिन्ही कामं एकत्रच व्हायला हवीत.

डोंगरगावच्या डायनोसॉरचं म्हणाल तर त्याचा अभ्यास झाला, याचा मला आनंदच आहे. पण वरोऱ्याच्या पोराने तो पाहायला कोलकात्याला जायचं, ही व्यवस्था मला मान्य नाही.

रसायनवाला

ठीक. पण मग सगळंच ठेवू नका. ज्या बरणीत चिठ्ठी नाही, ठिकाण नाही, ती विज्ञानाच्या कामाची नाही. ती काढा, खोली निम्मी मोकळी होईल.

धागाकर्ती

हे मान्य. बिनचिठ्ठीचे नमुने शिकवण्यापुरते वेगळे काढू, चिठ्ठीवाल्यांचे फोटो आणि नोंद डेडस्टॉक रजिस्टरच्या (कॉलेजच्या सामानाच्या नोंदवहीच्या) बाहेर, वेगळ्या वहीत. काकांचा मुद्दाही अर्जात घातलाय: परिचराचं पद भरल्याशिवाय काम सुरू करू नये.

मात्र निर्लेखनाच्या यादीत दोन गोष्टी कोणाच्या लक्षात आलेल्या दिसत नाहीत. यादीत घोरपड आणि अजगर आहेत. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतले प्राणी, मेलेले असले तरी, वनविभागाला कळवल्याशिवाय हलवता किंवा टाकता येत नाहीत. आणि इतकं फॉर्मॅलिन नालीत ओतता येणार नाही, नाली थेट तळ्यात जाते. समितीची बैठक सोमवारी आहे. दोन्ही मुद्द्यांचं पत्र उद्याच प्राचार्यांकडे देते. कोणाच्या कॉलेजात नमुन्यांसाठी वनविभागाशी असा पत्रव्यवहार झाला असेल तर अर्जाचा नमुना इथे टाका.