मदत हवी आहे: फॅक्टरच्या वरच्या फॅक्टरला नाव काय द्यायचं?

मंडळी, डोकं पार भंजाळलंय. स्वतःच्या प्रश्नावलीला हात लावायच्या आधी सराव म्हणून होल्झिंगर-स्वाइनफोर्डचा १९३९ चा डेटा घेतला, तोच तो सातवी-आठवीच्या ३०१ पोरांचा, त्यातल्या नेहमीच्या ९ टेस्ट. ईएफए (टेस्टमागचे छुपे घटक, म्हणजे फॅक्टर, शोधायची पद्धत) केलं, ओब्लिमिन (फॅक्टरना एकमेकांशी संबंध ठेवू देणारं रोटेशन) लावलं, तीन फॅक्टर सुटे पडले: आकृत्या, भाषा, वेग. इथवर मजा होती.

मग वाटलं या तिघांच्या वर एक जनरल (तिघांना सामायिक) फॅक्टर बसवावा, आणि तिथे घोळ झाला. ईएफएतली फॅक्टरमधली कोरिलेशन (परस्परसंबंध) रोटेशनची सेटिंग जरा बदलली की हलतात म्हणून सीएफएतली (कोणती टेस्ट कोणत्या फॅक्टरची हे आधीच ठरवून तपासायची पद्धत) घेतली: आकृत्या-भाषा ०.४५९, आकृत्या-वेग ०.४७१, भाषा-वेग ०.२८३. त्यावरून वरच्या फॅक्टरची लोडिंग (त्याच्याशी नातं किती घट्ट ते) आली आकृत्या ०.८७, भाषा ०.५३, वेग ०.५४. आता याला 'बुद्धिमत्ता' म्हणू की आकृत्यांचाच फॅक्टर नवा झगा घालून आलाय? सर म्हणतात जनरल लिही आणि मोकळी हो. फिट (मॉडेल डेटाशी किती जुळतं ते) तर तीन फॅक्टरच्या मॉडेलइतकंच येतंय, एक आकडा इकडचा तिकडे नाही. हे चांगलं की वाईट?

प्रतिसाद १:
चांगलं नाही, वाईटही नाही. तीन कोरिलेशनमधून तीन लोडिंग काढलीत, तपासायला उरलं काय? खाली चार फॅक्टर असते तर काही बोलता आलं असतं.
नाव देण्याआधी श्मिड-लायमन (प्रत्येक टेस्टचं लोडिंग जनरल आणि तिचा स्वतःचा फॅक्टर यांत वाटायचं गणित) करा. आकृत्यांची पहिली टेस्ट, लोडिंग ०.७७: जनरलवर ०.६७ जातं, स्वतःच्या फॅक्टरवर ०.३८ उरतं. भाषेच्या ०.८५ वाल्या टेस्टचं उलटं, जनरलवर ०.४५ आणि भाषेवर ०.७३. म्हणजे तुमचा जनरल भाषेबद्दल फारसं बोलतच नाही, त्याला सरळ बुद्धिमत्ता म्हणायला मी तरी धजणार नाही.
आणि नववी टेस्ट बघा, सरळ आणि वळणदार कॅपिटल अक्षरं ओळखायची. ईएफएत ती वेग आणि आकृत्या दोन्हीकडे पडते ना? सीएफएत तुम्ही तिला एकट्या वेगात कोंबलीत, मग तिचं आकृत्यांशी असलेलं नातं कोरिलेशनमधून बाहेर पडलं आणि ०.४७१ फुगलं. ०.८७ पण त्यातच फुगलंय.

धागाकर्ती:
अरे देवा, हो, दोन्हीकडे पडतेय! मी क्रॉस-लोडिंग म्हणून दुर्लक्ष केलं होतं. काढूनच टाकू का ती?

प्रतिसाद १:
काढू नका, वेगाला दोनच टेस्ट उरतील. दोन्हीकडे लोड होऊ द्या, आकृत्या-वेग किती खाली येतं ते बघा आणि नवीन आकडे इथेच टाका.