विज्ञानाच्या वर्गात यूडीएल (युनिव्हर्सल डिझाइन फॉर लर्निंग): गरज की लाड?

खाडीवरचा मास्तर: मालवणकडे दहावीला शिकवतो. गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात भरती-ओहोटी घेतली. वर्गात रापणीवर (किनाऱ्यावरून जाळं ओढून मासेमारीला) जाणाऱ्या घरचा एक मुलगा आहे, दोन ओळी धड लिहीत नाही. विचारलं, "आज अष्टमी, भरती कधी?" पटकन म्हणाला, "सहाच्या सुमारास." तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, आठाची सहा, आजोबांनी शिकवलेली! मग पृथ्वी म्हणून नारळ आणि चंद्र म्हणून लिंबू हातात दिलं. चंद्र पुढे सरकलेला असतो म्हणून भरती रोज उशिरा येते, हे त्याने फिरवून दाखवलं. पूर्ण गुण दिले. समजून घ्यायच्या आणि समजलेलं दाखवायच्या दोन-तीन वाटा ठेवायच्या, यूडीएल म्हणतात ते हेच ना? शिक्षकखोलीत मात्र 'लाड' ठरलं.

देवगडी कातळ: लाडच. ठोकताळा पाठ असणं म्हणजे विज्ञान नव्हे. पाऊणपट म्हणजे तिथीमागे 45 मिनिटं. भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे जाते. हा फरक पोराला खटकला का? आणि मार्चचा पेपर नारळ घेऊन कोण तपासणार? लिहिता येत नाही तर लिहायला शिकवा.

निवृत्त बाई: मास्तर, तुम्हीही अर्धंच केलंत. पोर अडल्यावर नारळ शोधलात. वाट धडा आखतानाच ठेवायची असते. यूडीएलची मूळ कल्पना इमारतींची. रॅम्प चाकाच्या खुर्चीसाठी, पण डोक्यावर टोपली घेतलेली मासेवालीही त्यावरूनच चढते. अमेरिकेत 1984 साली निघालेल्या कास्ट संस्थेने ती वर्गात आणली. आम्ल-अल्कली ओळखायला आम्ही दृष्टिहीन मुलीसाठी लिटमसबरोबर कांदा लावलेली फडकी ठेवायचो. कॉस्टिक सोड्याने कांद्याचा वास जातो, आम्लाने जात नाही. अख्खा वर्ग हुंगत बसायचा. (फडकं धुऊन मगच, हं!)

देवगडी कातळ: कांदा पटला, बाई. तिथे ध्येय तेच राहिलं, साधन बदललं. नारळात ध्येयच बदललं. शिवाय 35 मिनिटांच्या तासात हे सगळं बसवून दाखवा.

खाडीवरचा मास्तर: ध्येय कारण समजणं होतं, निबंध नव्हे. तासाचं म्हणाल तर नारळाला पाचच मिनिटं गेली, फळ्यावरच्या आकृतीला पंधरा जातात. पण 45-50 चा मुद्दा मलाच सुचला नाही, तिथे चुकलो. आता पंधरा दिवस जेटीवर भरतीच्या वेळा टिपायला सांगतो. वहीत लिहील, नाहीतर मोबाइलवर बोलून ठेवील.

देवगडी कातळ: वहीतच लिहू दे.