भातखाचराखालच्या ‘प्राचीन’ सीमा: कोकणात हा खेळ चालणार नाही

सडेकरी: उपग्रहचित्रात शेतात फिकट-गडद रेघा दिसल्या की ‘प्राचीन शेतांच्या सीमा’ म्हणून जाहीर करायचं, हे कोकणापुरतं तरी थांबवा. या रेघा उमटतात त्या अशा: बुजलेल्या चरात माती खोल आणि ओल जास्त, म्हणून वरचं पीक उंच होतं, उशिरापर्यंत हिरवं राहतं. गाडलेल्या भिंतीवर मुळांना वाव नाही, तिथे ते खुजं राहून लवकर पिवळं पडतं. १९२० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ क्रॉफर्डने इंग्लंडमध्ये विमानातून काढलेल्या फोटोंवरून अशा खुणा वाचून दाखवल्या, पण ते गहू-बार्लीचे कोरडे माळ. पिकाला तहान लागल्याशिवाय खूण उमटत नाही. आमचं भात पाण्यात उभं असतं, त्याला तहान लागणार कधी?

वालाची शेंग: भातापुढे वर्ष संपतं का? भात काढलं की त्याच शेतात वाल, पावटा, कुळीथ येतात, नुसत्या उरलेल्या ओलीवर. जानेवारीत तिथे फोटो काढा, मग बोलू. २०१८ च्या दुष्काळी उन्हाळ्यात आयर्लंडात न्यूग्रेंज या प्राचीन थडग्याजवळ ड्रोनमधून पिकात अख्खं वर्तुळ दिसलं, आधी कुणाला पत्ता नव्हता.

सडेकरी: तिकडे चर खणलेले होते हो! आपल्याकडे शेताची हद्द म्हणजे बांध नाहीतर जांभ्याचा गडगा, आणि बरेचसे अजून जागेवर उभे आहेत. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, माती जेमतेम वीतभर, चर खणणार कशात? वर दरवर्षीची चिखलणी. काही उरलं असेल तर ते घोटून निघतं.

खारपाटातला: दोघांनीही राब विसरलात. रोपासाठी तरवा, म्हणजे रोपं वाढवायची जागा, भाजतात तो काळा चौकोन आणि त्या जागी नंतर उठून दिसणारं पीक, वरून पाहणाऱ्याला हमखास फसवतं. खारीत, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीत, तर विचारूच नका. जुनी फुटलेली बांधबंदिस्ती, बुजलेले खाडीचे फाटे, सगळ्यांच्या रेघा सारख्याच. वाकडी असेल तर बहुतेक फाटा. सरळ असेल तर तुमच्या पणजोबांचा बांध. अमेरिकन कोरोना या हेरगिरी उपग्रहांचे १९६० ते ७२ चे फोटो १९९५ मध्ये खुले झाले, आधी त्यांच्याशी ताडून पाहा. साठ सालापर्यंत उभा असलेला बांध त्यात दिसू शकेल.

वालाची शेंग: मान्य, पण मग सड्यावरचं गवत? पाऊस गेल्यावर पातळ मातीवरचं आधी वाळतं, खोलगटातलं मागाहून. तिथे तर चिखलणीही नाही.

सडेकरी: सडा पाहायचाच तर चालत पाहावा. बारसूसारखी कातळशिल्पं गावकऱ्यांना विचारत, पायी फिरून नोंदली गेली. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. गवताखाली कातळाचा उंचसखलपणाही तशाच रेघा काढतो, तो माणसाचा नव्हे. आणि रेघ माणसाची निघाली तरी शिलाहारकाळातली की खोतांच्या काळातली, हे फोटो सांगत नाही. त्याला खणावंच लागतं.

खारपाटातला: खणण्याआधी एवढं करा: जानेवारीतला वालाच्या शेताचा फोटो कुणाकडे असेल तर टाका, आणि सोबत त्या शेताचा गट नकाशा जोडा. निम्म्या रेघा तिथेच निकालात निघतील.