पेव्हर ब्लॉक आणि गार्डनच्या कामाचा रेट कसा काढायचा? पहिल्याच कामात अंगावर आलंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीत राहतो. नऊ वर्षं एका कॉन्ट्रॅक्टरकडे सुपरवायझर होतो, पेव्हर, कर्ब (कडेचे दगड), लॉन, झाडं लावणं असली सगळी कामं हाताखालून गेलीत, दिवाळीनंतर स्वतःचं चालू केलं. कामाची भीती नाही हो, पण समोरचा "फुटाला किती?" विचारतो तेव्हा जीभ अडकते. शेठकडे असताना मापं मी लिहून द्यायचो आणि रेट शेठ गाडीत बसून काढायचा, तो कसा काढायचा ते कधी विचारलंच नाही, आता कळतंय की नऊ वर्षांत शिकायची गोष्ट तीच होती.

पहिलं काम नेरुळला एका रो हाऊसचं मिळालं. ६४० फूट पेव्हर आणि मागे २५० फूट लॉन. मी पेव्हर सगळं मिळून ९५ रुपये फूट सांगितला आणि लॉन लाल मातीसकट ४५. म्हणजे ६०,८०० आणि ११,२५०, टोटल ७२,०५०. काका म्हणाले राऊंड ७० करा, मी लगेच हो म्हणालो, पहिलं काम हातचं जायला नको म्हणून.

आता पुढे ऐका. गेट तीन फुटाचं, टेम्पो आत जात नाही. सगळे ब्लॉक रस्त्यावर उतरवले आणि तिथून घमेल्याने मागच्या टोकापर्यंत, दोन हेल्पर दीड दिवस फक्त वाहत होते. साडेचार इंच खोदायला लागलं, त्याची माती अडीच ब्रासच्या (मातीचा ब्रास म्हणजे १०० घनफूट) आसपास आणि खोदली की फुगते ती वेगळीच. थोडी लॉनखाली जिरवली, बाकीचा डंपर भरून पाठवला, हे मी रेटमध्ये धरलंच नव्हतं. वर दोन चेंबर आणि एक गोल कट्टा, त्यांच्याभोवती कटिंग इतकं झालं की ब्लॉक ४० फूट कमी पडले आणि तेवढ्यासाठी परत टेम्पो.

घरी आल्यावर वहीत लिहिलं ते तसंच टाकतो. ब्लॉक ७२० फूट ४० रुपयांनी २८,८००. टेम्पो दोन फेऱ्या ३,७००. ग्रिट (ब्लॉकखाली पसरायचा दगडाचा बारीक चुरा) ८,०००. मिस्त्री १,२०० रोजाने नऊ दिवस १०,८०० आणि दोन हेल्पर ७५० ने १३,५०० (मी सहा दिवस धरले होते). मातीचा डंपर ४,४००. प्लेट कॉम्पॅक्टरचं भाडं आणि कटरचं ब्लेड २,५००. लॉन, लाल माती, शेणखत ७,०००. बेरीज ७८,७००. म्हणजे ८,७०० खिशातून गेले, माझे नऊ दिवस फुकट, आणि काकांकडून शेवटचे ५,००० अजून यायचेत. काम मात्र एक नंबर झालंय, काका सगळ्यांना दाखवतात. बायको म्हणाली त्यांना सांगा दाखवू नका, अजून लोकं यायची.

आता खरा प्रश्न. घोडबंदर रोडला एका सोसायटीचा ड्राइव्ह वे आहे, २,४०० फूट, जुने ब्लॉक दबलेत ते काढून नवीन टाकायचेत, बाजूला हेज आणि थोडी लॉन. सेक्रेटरी म्हणतात दुसऱ्याने ८२ रुपये फूट दिलाय, तुम्ही किती? रविवारी कमिटीची मीटिंग आहे. फुटावरच रेट द्यायचा का प्रत्येक गोष्ट वेगळी लिहायची? माझी स्वतःची हजेरी धरायची का? ॲडव्हान्स किती मागितला तर लोक पळून जात नाहीत? आणि ते जीएसटीचं काय, माझा नंबर नाहीये.

प्रतिसाद १

भावा, वहीत लिहिलंस हे चांगलं केलंस, आमच्यातले बरेच जण तेही करत नाहीत आणि वर्षाच्या शेवटी पैसे गेले कुठे विचारतात. मी कळव्याचा, बरीच वर्षं याच धंद्यात आहे.

आधी ८२ वाल्याचं बघू. घोडबंदरची सोसायटी म्हणजे पाण्याचा टँकर येणारच. १०,००० लिटरचा टँकर म्हटला की नुसतं पाणीच १० टन, गाडीचं वजन वेगळं. त्याच्याखाली ६० एमएमचा ब्लॉक टाकला की पहिल्या पावसाळ्यातच चाकाची नाळी पडते. तिथे ८० एमएम जाडीचा, एम-४० ग्रेडचा (म्हणजे काँक्रीटची ताकद) लागतो. आता एक ब्रास धर, म्हणजे १०० चौरस फूट. (सप्लायरशी बोलताना जपून, वाळू-खडीचा ब्रास १०० घनफूट असतो, माझ्या एका पोराने दोन्ही एकच समजून ऑर्डर दिली आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीन दिवस ग्रिटचा डोंगर उभा होता.) ब्लॉक कटिंग आणि तुटफूट धरून १०५ फूट, ५५ ने ५,७७५. दीड इंच ग्रिट आणि सांधे भरायला मिळून १६ घनफूट, ८००. बसवायची मजुरी १,८००. गाडी आणि हमाली ६००. कॉम्पॅक्टर, ब्लेड २५०. झाले ९,२२५. म्हणजे नुसता खर्चच ९२ च्या वर. जुने ब्लॉक काढणं, खालची खडी, तुझा नफा यात काहीच नाही. मग तो ८२ मध्ये कुठून करतोय? एकतर ब्लॉक ६० चा किंवा खाली काहीच करणार नाही. माझे रेट माझ्या सप्लायरचे आहेत, तू तुझे टाक, पण पद्धत हीच ठेव.

त्यावर २० टक्के चढव, ११,०७०, म्हणजे १११ रुपये फूट. एक लक्षात घे, खर्चावर २० चढवले म्हणजे बिलात २० सुटले असं नाही, बिलाच्या हिशोबाने साडेसोळाच्या आसपास सुटतात. आणि तुझी हजेरी त्या नफ्यात टाकू नकोस, मिस्त्रीसारखीच खर्चात लाव. तू नसतास तर सुपरवायझर ठेवावाच लागला असता ना.

फुटाचा रेट फक्त दिसणाऱ्या ब्लॉकचा दे. बाकी सगळं वेगळ्या ओळीत: खोदाई आणि राबिट उचलणं ब्रासवर, कर्ब रनिंग फुटावर, चेंबरची उंची वाढवणं नगावर. खाली एक ओळ लिही की शेवटचं बिल प्रत्यक्ष मापाने होईल. टेप दोन्ही बाजूंनी धरायची, एक टोक सेक्रेटरीच्या हातात दे, नंतर कोणी भांडत नाही.

आणि कोटेशन द्यायच्या आधी टँकर जिथे उभा राहतो तिथले एक मीटर बाय एक मीटर ब्लॉक उघडून बघ. खाली खडी आहे का नुसता भराव आहे ते न बघता रेट दिलास तर नेरुळचीच गत. आणि लेव्हल ग्रिटने भरून काढू नकोस, ग्रिट बसलं की ब्लॉक पण बसतो.

प्रतिसाद २

मी नर्सरीवाला, लॉनपुरतं सांगतो. ४५ मध्ये तोटा नाही पण गॅरंटी देऊ नका. बिल्डिंगच्या सावलीत लॉन टिकत नाही, दोन टॉवरच्या मधल्या पट्टीत कोणी मागितली तर तोंडावर नाही म्हणा आणि सावलीत चालणारी झाडं सुचवा. दुसरं, पेव्हर मे संपायच्या आत उरका आणि लॉन-हेज पहिल्या पावसानंतर, पाणी घालायचा खर्च वाचतो. लावून दिल्यावर तीन महिन्यांची देखभाल दर महिन्याच्या वेगळ्या पैशांत द्या. आमचा घरखर्च त्यावरच चालतो, लावण्यावर नाही.

प्रतिसाद ३

मी ठाण्यातल्या एका सोसायटीच्या कमिटीत आहे, आमच्या बाजूने सांगते. तीन कोटेशन मागवतो पण सगळ्यात स्वस्तवाल्यालाच देतो असं नाही, जनरल बॉडीत उत्तर आम्हालाच द्यावं लागतं. ज्याने जाडी, ग्रेड, खाली काय टाकणार हे लिहिलंय त्याचं कोटेशन वाचता येतं. नुसतं "पेव्हर काम १११ रुपये" लिहिलं तर ८२ समोर तुम्ही महागच दिसणार. जीएसटी नसला तरी चालतं, सर्व्हिसला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नंबर घ्यावा लागत नाही, फक्त बिलावर टॅक्स लावू नका. पॅन द्या, आम्ही १ टक्का टीडीएस कापतो, तो रिटर्न भरलात की हिशोबात मिळतो. पॅन नसेल तर २० टक्के कापावे लागतात. ॲडव्हान्स म्हणाल तर माल साइटवर उतरल्यावर मालाचे पैसे द्यायला कमिटी कुरकुर करत नाही, आधीच अर्धे मागितले की करते.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार, आणि कळवेकर दादा, तुमचा हिशोब वाचून नेरुळचं परत मांडून बघितलं, घरीच बसलो असतो तर बरं झालं असतं.

आज सकाळी साइटवर गेलो होतो. वॉचमनला विचारून टँकरच्या जागचे ब्लॉक उघडले. ६० चेच आहेत, आणि खाली चार बोटं ग्रिट आणि त्याखाली सरळ भरावाची माती, पहार हाताने आत गेली. सेक्रेटरी गॅलरीतून बघत होते, खाली आले, स्वतःच्या हाताने पहार घालून बघितली आणि म्हणाले, मागच्या वेळी पण सगळ्यात कमी रेट होता तोच घेतला होता.

तर आता त्या भागात खालून खडी घ्यायची आणि बाकीच्या ठिकाणी नुसतं ८० एमएम, असे दोन रेट एकाच कोटेशनमध्ये दिले तर चालतात का? की कमिटी गोंधळते? ताई, तुम्हीच सांगा. शनिवारी रात्रीपर्यंत टाईप करून द्यायचंय.