वाटाड्याच्या मागून हिमालय: खोरी, खिंडी, गोंपा (बौद्ध मठ). तुमचे अनुभव लिहा

किल्ल्यांवर आपण भरभरून लिहितो. हिमालयातल्या बौद्ध मुलखात गाइड घेऊन पायी फिरलेले मात्र परत आले की फोटो दाखवतात आणि गप्प बसतात. म्हणून हा धागा. लडाख, झंस्कार, स्पिती, नेपाळ, भूतान, कुठलंही चालेल. दिवसवार कार्यक्रम नको, तो कंपनीच्या पत्रकात असतोच. गाइड काय म्हणाला, मठात काय पाहिलंत, फजिती कुठे झाली, ते येऊ द्या.

सुरुवात मीच करतो. लडाखमधलं मार्खा खोरं, ऑगस्ट महिना. चिलिंगहून निघून स्कियूला मुक्काम, मग मार्खा गाव. सह्याद्रीत पंचवीस वर्षं भटकतोय, त्यामुळे अंगात माज होता. आमचा लडाखी गाइड हात मागे बांधून शतपावली करावी तसा चालायचा. मी अर्थातच पुढे. अर्ध्या तासाने मी दगडावर धापा टाकत बसलेला आणि तो त्याच चालीने आला. थांबलाही नाही. नुसतं "जुले, सर" (लडाखी नमस्कार) म्हणाला आणि गेला पुढे. लेहच मुळी साडेतीन हजार मीटरवर, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवले तरी त्याहून उंच. हे घरी पाठ होतं, पायांना तिथे कळलं.

वाटेत नदी ओलांडावी लागते. त्यासाठी त्याने आम्हाला पहाटे पाचला उठवलं तेव्हा सगळ्यांनी कुरकुर केली. बूट गळ्यात अडकवले, पायात सँडल. अनवाणी उतरायचं नाही आणि पाण्याकडे बघायचं नाही, नजर समोरच्या काठावर, एवढीच सूचना. पाणी पोटरीपर्यंत होतं, पण गार इतकं की मधोमध पोचेस्तोवर बोटं आहेत की नाहीत ते समजेना. दुपारी मागे वळून पाहिलं तर तीच नदी गढूळ होऊन फुगलेली, आणि पलीकडे एक घोळका तोंड पाडून बसलेला. ऊन तापलं की वरचा बर्फ वितळतो आणि पाणी दुपारनंतर चढतं. त्या लोकांचा मुक्काम पलीकडेच झाला असणार.

*

मी नीमालिंगहून परत आलेली, तेव्हा माझा अनुभव अर्धाच आहे.

नीमालिंग म्हणजे मार्खाच्याच वाटेवर कोंगमारू-ला या खिंडीच्या आधीचा शेवटचा मुक्काम, साधारण 4,800 मीटरवर. समोर कांग यात्सेचं शिखर, कुरणात याक आणि मेंढ्या. संध्याकाळी गाइडने सगळ्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. मी "थोडं डोकं दुखतंय" एवढंच सांगितलं. रात्री दोन उलट्या झाल्या, त्या लपवल्या. पहाटे त्याने तंबूची चेन उघडली आणि म्हणाला, "मॅडम, नीचे." मी भांडले. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घेतलीय, सवय होईल, एवढे पैसे भरलेत, सगळं बोलून झालं. त्याने वाद घातला नाही. खाली बसला आणि माझ्या बुटांच्या नाड्या बांधायला लागला. मला त्या बांधता येत नव्हत्या. हे त्याने पाहिलं होतं, माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

खालच्या हांकर गावाला उतरेपर्यंत डोकं बऱ्यापैकी निवळलं. चूक आमचीच. लेहला पहिले दोन दिवस गप्प पडून राहायचं असतं, आम्ही दुसऱ्याच दिवशी गाडीने खारदुंग-ला ही लेहहून बरीच उंच खिंड बघून आलो होतो.

*

स्पितीत लांग्झा, कोमिक, देमुल, ल्हालुंग करत धनकरपर्यंत चाललो, रोज कुणाच्या तरी घरी मुक्काम. त्यावर पुन्हा कधी. मला लिहायचंय ते ताबोबद्दल, जिथे शेवटी गाडीने गेलो.

मठ 996 सालचा. बाहेरून नुसते मातीचे ठोकळे, मी तर निराशच झालो. "हिमालयातलं अजिंठा" हे ऐकून आधीच नाक मुरडलं होतं. आत शिरल्यावर काही मिनिटं काहीच दिसेना. मग डोळे सरावले आणि भिंती हळूहळू वर आल्या, अगदी अजिंठ्यात येतात तशाच. फरक एवढा की इथे कातळ नाही, सगळी मातीच. मूर्तीसुद्धा मातीच्या, डोक्याच्या वर भिंतीतून पुढे आलेल्या, जणू अधांतरी बसल्यात. 1975 च्या भूकंपाचा फटका बसूनही हे उभं आहे. आत फोटोला बंदी आहे. बरंच आहे.

*

आमच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. "अनुभवी स्थानिक गाइड" म्हणून पैसे घेतले आणि निघाला जीपचा ड्रायव्हर. फुगतालच्या वाटेवर तोही पहिल्यांदाच आलेला. वाट आम्हीच त्याला दाखवली म्हणा ना.

फुगताल मठ झंस्कारमध्ये, कड्यातल्या एका प्रचंड गुहेच्या तोंडाशी बांधलेला. गुहेत झरा आहे. तिथे चोमा द कोरोश या हंगेरियन माणसाच्या नावाची शिळा आहे. 1820 च्या दशकात तो झंस्कारच्या मठांमध्ये राहून तिबेटी शिकला, आणि 1834 मध्ये कलकत्त्यात त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश छापला गेला. हे सगळं मी घरी येऊन वाचलं. आमच्या "गाइड"ने शिळेकडे बघून सांगितलं, "कोई अंग्रेज था."

*

मी एकसष्ट वर्षांची. लडाखमध्येच लिकीरहून यांगथांग, हेमिस शुकपाचन करत तेमिसगाम. तरुण मंडळी याला "बेबी ट्रेक" म्हणतात. म्हणू देत, गुडघे माझे आहेत.

हेमिस शुकपाचनच्या घरातलं स्वयंपाकघर मी विसरणार नाही. भिंतभर फळ्या, त्यांवर घासूनपुसून लख्ख केलेली तांब्या-पितळेची भांडी, मध्ये चूल. घरच्या आजींनी लोणी आणि मीठ घातलेला गुरगुर चहा दिला. चहा म्हणून प्यायलात तर फसाल, पातळ सूप समजून प्या. सोबत भाजलेल्या सातूचं पीठ, त्सांपा. मी दोन घोट घेतले की आजी कप भरत. पानात टाकू नये हा आपला संस्कार, म्हणून मी संपवत राहिले आणि त्या भरत राहिल्या. चौथ्या कपानंतर गाइडने हळूच सांगितलं, "आंटी, भरा हुआ छोड़ दो, जाते टाइम पीना."

*

छोटंसं. मणी भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची) लागली की ती आपल्या उजव्या हाताला ठेवून चालायचं. मी शॉर्टकट मारून उलट्या बाजूने गेलो, तर गाइडने हाक मारून भिंतीच्या सुरुवातीपर्यंत परत आणलं. चढावर. "आपके मंदिर में उलटा घूमते हैं क्या?" यावर काय बोलणार?

आणि हो, लडाखला बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेडच लागतं. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ते पोलिसात जातात. आमचे निघालेच होते.

*

नीमालिंगच्या ताई, पुन्हा जाणार का?

*

जुलैचं तिकीट काढलंय, काका. गाइड तोच मागितला. फोनवर माझा आवाज ओळखून त्याने पहिला प्रश्न विचारला, "खारदुंग-ला देख लिया है ना?"